इक्सेलच्या सिमेट्रीतला जनरल

रविवारी ब्रुसेल्समध्ये बरीचशी दुकानं बंद, वरून पावसाची पिरपिर, घरात बसून डोकं उठलं की मी ७१ नंबरची बस पकडतो आणि इक्सेल भागातल्या सिमेट्रीत फिरायला जातो. आई फोनवर ओरडते, "अरे तिन्हीसांजेला स्मशानात कसला फिरतोस!" पण इथे ते बागेसारखंच असतं, गेटच्या बाहेर तर कॉलेजच्या पोरांचे बार.

तिथे एका कबरीवर मधेच तुटलेला दगडी खांब आहे. खाली फ्रान्सचा जनरल जॉर्ज बुलांजे आणि त्याची प्रेयसी मार्गरित.

१८७०-७१ ला जर्मनांकडून सपाटून मार खाल्लेल्या फ्रान्सला बदला घेणारा कोणीतरी हवाच होता. १८८६ ला हा युद्धमंत्री झाला, शिपायांना दाढी ठेवायची परवानगी दिली, काळ्या घोड्यावर बसून परेडला आला की पब्लिक वेडं व्हायचं. सरकारची तंतरली, पुढच्याच वर्षी मंत्रिपद काढून लांब क्लेरमाँ-फेराँला बदली केली, तर लोकांनी स्टेशनात गाडीच अडवली, शेवटी स्वारी नुसत्या इंजिनावर चढून गेली! बरं, अल्जेरिया, इटली, इंडोचायना असं सगळीकडे लढलेला हा माणूस १८८८ ला पंतप्रधान फ्लोकेशी तलवारीचं द्वंद्व खेळला आणि साठीला टेकलेल्या त्या वकिलाकडून मानेवर वार खाऊन आला.

तरी २७ जानेवारी १८८९ ला पॅरिसची पोटनिवडणूक दणक्यात जिंकला. रस्त्यावर तुफान गर्दी, चला राष्ट्राध्यक्षांच्या महालावर म्हणून सगळे मागे लागलेले. हा गेलाच नाही. कोणी म्हणतं मार्गरितपायी, मला विचाराल तर त्याला गर्दी आवडायची, राज्य चालवायची कटकट नाही. मग अटकेच्या भीतीने पळून इथे ब्रुसेल्सला आला, तेही १ एप्रिलला.

घरी बायको, दोन मुली. मार्गरितला क्षय, १६ जुलै १८९१ ला ती गेली. ३० सप्टेंबरला त्याने हिच्याच कबरीवर येऊन डोक्यात गोळी मारून घेतली.

दगडावर तिच्या नावाखाली लिहिलंय, 'लवकरच भेटू'. त्याच्या नावाखाली, 'तुझ्याशिवाय अडीच महिने जगलोच कसा!' मी तिथेच बोटांवर मोजलं, दिवसाचासुद्धा फरक नाही.

रात्री आईला हे सगळं रंगवून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आणि त्याच्या बायकोचं काय रे?"