केक सोडा, आधी नाका पाहा

परवा रविवारी भाची आली होती, नववीत आहे, सीबीएसईवाली, तिला फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं लिहून न्यायची होती आणि वहीत पहिलाच मुद्दा काय तर राणी म्हणाली पाव नाही तर केक खा, म्हणून लोक भडकले. म्हटलं थांब बाप्पा. रूसो नावाच्या लेखकानं ती गोष्ट कुण्या एका राजकन्येची म्हणून लिहिली तेव्हा ही राणी, मारी आंत्वानेत, व्हिएन्नात लहान पोरगी होती, फ्रान्सला आलीही नव्हती.

"मग काऊन झाली, मामा?"

म्हटलं, आजोबांच्या काटोलच्या बागेत गारपीट झाली होती ते आठवते का? अर्ध्या तासात सगळा बहार जमिनीवर, आजोबा दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते. 13 जुलै 1788 ला फ्रान्समध्ये तेच झालं, कापणीला आलेल्या गव्हावर गारा, आणि त्यावर असा हिवाळा की नद्या गोठल्या, पाणचक्क्या बंद, म्हणजे ज्याच्याकडे गहू होता त्याच्याकडेही पीठ नाही. फेब्रुवारी 1789 मध्ये पॅरिसात चार पौंडाचा पाव साडेचौदा सूला (सू म्हणजे तिकडचं नाणं) गेला अन् मजुराची रोजी 20 ते 30 सू. घरात चार तोंडं असली की बाकी काय उरते सांग.

आता गारा आपल्याकडेही पडतात, त्यानं राजे जात नाहीत. खरी गोम खजिन्यात होती. इंग्रजांची जिरवायला सोळाव्या लुईनं अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात कर्ज काढून पैसा ओतला, आणि 1788 च्या हिशेबात निम्मा खर्च नुसत्या व्याजाचा. दरबाराचा थाटमाट आपण रंगवून सांगतो पण तो खर्च शेकडा 6 च्या आसपास. मग कर वाढवा, पण कोणावर? सरदार अन् चर्चला सूट! 1787 मध्ये कालोन नावाच्या मंत्र्यानं सगळ्यांच्या जमिनीवर कर लावायचं ठरवलं आणि मंजुरीसाठी बोलावलं कोणाला, तर ज्यांना सूट होती त्यांनाच. हे वाचलं की मला दरवेळी हसू येते. ते कशाला हो म्हणतील!

शेवटी 1789 मध्ये स्टेट्स जनरल भरवली, म्हणजे चर्च, सरदार अन् बाकी जनता अशा तीन वर्गांची सभा, जी 1614 नंतर भरलीच नव्हती, तिथंही मतं डोकी मोजून नाही, वर्गाप्रमाणे मोजायची, म्हणजे दोघं मिळाले की तिसरा चूप, आणि तो तिसरा म्हणजे जवळपास अख्खा देश.

पण माझा आवडता भाग वेगळाच आहे. भाचीला जकात म्हणजे काय ते माहीतच नाही, आम्ही अमरावती रोडवर नाक्यापाशी ट्रकच्या रांगा पाहात मोठे झालो. तिकडे करवसुलीचा ठेका घेतलेल्या लोकांनी 1780 च्या दशकात पॅरिसभोवती भिंतच बांधली, सुमारे 24 किलोमीटर, दारू, मांस, सरपण काहीही आत आणा, आधी नाक्यावर पैसे मोजा. या ठेकेदारांतला एक कोण, तर तिच्या सायन्सच्या पुस्तकातला लाव्हाझिए! 1794 मध्ये गिलोटिनवर गेला बिचारा, बाकी भागीदारांसोबतच. बॅस्टिलवर, म्हणजे पॅरिसच्या तुरुंगाच्या किल्ल्यावर, जायच्याही आधी लोकांनी हे नाके जाळले, कितीतरी, आणि मगच 14 जुलै 1789. बॅस्टिलला गेले तेही मुख्यतः बंदुकीच्या दारूसाठी, कैदी होते फक्त सात.

"सातच?" एवढंच तिला धक्कादायक वाटलं.

मग तर्री पोहे खाऊन तिनं केकवाला मुद्दा खोडला, कर्ज वर आणलं, सूट दुसरी, नाका तिसरा, आणि गारपीट शेवटी, तीही पेन्सिलनं, बाई विचारतील म्हणे हे कुठून आणलं.