वर्णभेद अन्यायच होता, मग त्या सामन्याचं एवढं कौतुक कशाला?

टेक्सासमधल्या ह्यूस्टनला कुणी पाहुणे आले की मी त्यांना थर्ड वॉर्ड ही काळ्या लोकांची जुनी वस्ती दाखवायला नेतो आणि जॅक येट्स हायस्कूलपाशी आलो की टर्की डेच्या, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या सणाला होणाऱ्या जुन्या फुटबॉल सामन्याबद्दल बोलायला लागतो. मग हमखास कुणीतरी विचारतं: काळ्या मुलांना गोऱ्यांपासून वेगळं ठेवलं होतं म्हणून तर तो सामना होता ना? मग तो बंद झाल्याचं तुम्हाला वाईट का वाटतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

१९२७ ते १९६६ दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, म्हणजे नोव्हेंबरातल्या सणाच्या गुरुवारी, थर्ड वॉर्डातलं येट्स आणि फिफ्थ वॉर्डातलं व्हीटली या काळ्या मुलांच्या दोन शाळा अमेरिकन फुटबॉलमध्ये भिडायच्या. येट्सचा रंग किरमिजी आणि सोनेरी, व्हीटलीचा जांभळा आणि पांढरा. जॅक येट्स गुलामीत जन्मलेले धर्मगुरू. १८७२ साली लोकांनी पैसे जमवून मुक्तिदिन साजरा करायला दहा एकर जमीन विकत घेतली, त्यात ते पुढे होते. तेच आजचं इमॅन्सिपेशन पार्क. फिलिस व्हीटली लहानपणी आफ्रिकेतून पकडून आणून विकली गेलेली मुलगी. १७७३ साली तिचा कवितासंग्रह छापला गेला. ही नावं छातीवर घेऊन पोरं मैदानात उतरायची.

भरात असताना या शाळकरी सामन्याला तीस हजारांच्या वर माणूस जमायचा. आधी मिरवणूक, दोन्ही शाळांचे बँड, दोन्ही शाळांनी आपली ‘राणी’ म्हणून निवडलेल्या मुली. बायका ठेवणीतले कपडे आणि हॅट घालून यायच्या. नवरा येट्सचा, बायको व्हीटलीची, अशी घरं कितीतरी. नोकरीसाठी दूर गेलेली माणसं सणाला घरी येत, ती या सामन्यासाठीही येत. आपल्याकडे गावच्या जत्रेला मुंबईचे चाकरमानी परततात, तसं.

आता अन्यायाचं. टेक्सासच्या शालेय क्रीडा संघटनेत फक्त गोऱ्या शाळांना प्रवेश होता. म्हणून १९२० पासून काळ्या शाळांनी प्रेअरी व्ह्यू या काळ्यांच्या कॉलेजच्या आधाराने स्वतःची लीग चालवली. सामन्यांसाठी शुक्रवारची संध्याकाळ गोऱ्या शाळांची. काळ्या शाळांच्या वाट्याला बुधवार-गुरुवार. ज्या जेपसेन स्टेडियममध्ये टर्की डेचा सामना व्हायचा, तिथेच १९६० पासून ऑयलर्स हा व्यावसायिक संघ खेळू लागला, तेव्हा काळ्या प्रेक्षकांना वेगळ्या भागात बसवत. थँक्सगिव्हिंगला मात्र त्याच स्टेडियमची एकूण एक खुर्ची त्यांची असे. हे मला फार मोठं वाटतं. वर्णभेदाने त्यांना हा सामना दिला नाही; वर्णभेद असताना त्यांनी तो उभा केला.

मैदानापलीकडेही तेच. इतर दारं बंद असल्यामुळे उच्चशिक्षित काळी माणसं शिक्षक झाली आणि या शाळांत आली. १९५२ साली व्हीटलीतून बाहेर पडलेल्या बार्बरा जॉर्डन पुढे अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेल्या. वादविवादात त्या शाळेतच तरबेज झाल्या होत्या.

१९६७ पासून काळ्या शाळा राज्याच्या संघटनेत आल्या. तिथे वेळापत्रक आधीच ठरलेलं, त्यात थँक्सगिव्हिंगच्या सामन्याला जागा नव्हती. प्रेअरी व्ह्यूची लीग १९७० मध्ये संपली. दक्षिणेत सगळीकडे हेच घडलं: शाळा एकत्र करायच्या म्हटलं की कुलूप बहुतेक काळ्या शाळेला लागायचं, काळा मुख्याध्यापक खालच्या पदावर जायचा, काळा प्रशिक्षक गोऱ्या प्रशिक्षकाचा मदतनीस व्हायचा. लांबच्या शाळेत बसने जायचं तेही बहुधा काळ्याच मुलांनी. समान हक्क मिळायलाच हवे होते, आणखी कितीतरी आधी मिळायला हवे होते. पण त्यांची किंमत ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याकडूनच वसूल केली गेली, याचा मला राग येतो. दोन्ही बाजूंनी थोडं-थोडं सोडायचं ठरलं असतं, तर राज्याच्या वेळापत्रकात एक गुरुवार नक्की सापडला असता.

येट्स आणि व्हीटली दोन्ही शाळा आजही आहेत. जेपसेन स्टेडियम २०१२ मध्ये पाडलं. त्या जागेवर ह्यूस्टन विद्यापीठाचं नवं स्टेडियम २०१४ साली उघडलं. पुढच्या वेळी आलात की आधी फिफ्थ वॉर्डात जाऊ. व्हीटलीच्या माणसांना येट्सचं कौतुक आधी केलेलं आवडायचं नाही.