चाकणच्या कार प्लांटमधला आजचा दिवस

एमबीएच्या मुलांना प्लांट दाखवला की सगळ्यांचे मोबाईल रोबोटकडे वळतात. खरा धडा असेंब्ली लाइनवर असतो.

टॅक्ट टाइमचं, म्हणजे मागणी पुरवायला दर किती वेळाने एक गाडी उतरायला हवी याचं, गणित साधं आहे. समजा शिफ्ट 480 मिनिटांची, चहा-जेवणाची 45 वजा, उरली 435. मागणी 145 गाड्यांची असेल तर दर 3 मिनिटांना एक गाडी उतरलीच पाहिजे. एखाद्या स्टेशनचं काम सव्वातीन मिनिटांचं निघालं, की बाकीचे कितीही चपळ असोत, लाइन त्याच्याच चालीने चालते.

पेंट होऊन आलेल्या बॉडीचे दरवाजे आधी काढतात. डॅशबोर्ड, वायरिंग आत न्यायला जागा होते, रंगावर ओरखडे पडत नाहीत. दरवाजांची काच, लॉक, स्पीकर वेगळ्या लाइनवर बसतात आणि शेवटी ते त्याच बॉडीवर परत येतात. दुसऱ्या गाडीचा दरवाजा लागला तर फटी जुळत नाहीत.

चाकाचे सगळे नट एकदम आवळणारं मशीन पाहा. एकेक आवळला तर चाक तिरकं बसू शकतं. ठरलेला टॉर्क (आवळण्याचा पिळाचा जोर), साधारण 110-120 न्यूटन-मीटर, मिळाला नाही तर दिवा लाल होतो.

सीट मात्र गाड्यांच्या क्रमानेच येतात. पेंटमधून एक बॉडी दुरुस्तीला बाजूला गेली की हा क्रम बिघडतो. म्हणून पेंट शॉप आणि असेंब्लीच्या मध्ये बॉड्यांचा साठा ठेवतात, त्यातून क्रम परत लावता येतो. ‘शून्य इन्व्हेंटरी’, म्हणजे साठा ठेवूच नका, हे पाठ केलेल्यांनी तिथे जरा जास्त वेळ थांबावं!