सॅन पेड्रोच्या काठी
आज अ‍ॅरिझोनात सॅन पेड्रो नदीकाठी दिवसभर हिंडलो. पूर्वी इथं गुरांची रँचेस होती. गुरं पाण्यापाशीच ठाण मांडायची. कॉटनवुड, विलोची रोपं वाढण्याआधीच फस्त. १९८८ साली नदीचा सुमारे ४० मैलांचा पट्टा राखीव झाला, बहुतेक भागात चराई थांबली आणि पुराच्या ओल्या गाळात बी आपसूक रुजलं. १९९९ पासून बीव्हर, म्हणजे झाडं कुरतडून प्रवाहात बांध घालणारे प्राणी, परत आणून सोडले. त्यांच्या बांधांपाशी पाणी थबकतं, मुरतं.

जुन्या रँचच्या घराजवळ थोराड कॉटनवुडखाली बराच वेळ नुसता बसलो. समोरच्या फांदीवर लालबुंद व्हर्मिलियन फ्लायकॅचर पक्षी! जीव लागला या जागेवर, म्हणूनच आसपासच्या भूजल उपशाची फार काळजी वाटते. निघताना पुन्हा एकदा पाण्यात हात बुडवून आलो.