तुझे ते ‘आम्ही’ कोण?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते आहे, आणि एकदाच सविस्तर लिहिते आहे. कोल्हापूरला आले की आत्या विचारते, शाळेतल्या मैत्रिणी विचारतात, इकडे गणपतीला जमणारी मराठी मंडळी आडून आडून विचारतात, आणि माझा धाकटा भाऊ न विचारताही विचारतो: अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, लिंकनच्या विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ हरला की तू ‘आम्ही हरलो’ म्हणतेस, ते तुझे ‘आम्ही’ कोण? तू त्या विद्यापीठात शिकली नाहीस, तुझी मुलगी तिथे शिकली नाही, तो लांबट चेंडू तू जन्मात हातात धरला नाहीस, मग? आजवर मी हसून विषय बदलत आले. त्या हसण्याचा मला आता कंटाळा आला आहे.

आधी सोपे उत्तर देते. नेब्रास्का राज्याची लोकसंख्या जेमतेम वीस लाखांच्या आसपास आहे आणि तिथे व्यावसायिक फुटबॉलचा एकही मोठा संघ नाही. जो काही आहे तो विद्यापीठाचा. १९२३ साली उघडलेल्या मेमोरियल स्टेडियममध्ये ३ नोव्हेंबर १९६२ पासून, महामारीतला २०२० चा हंगाम वगळता, घरच्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटे विकली गेली आहेत. संघ जिंकत असताना तर गेलीच, पण वर्षानुवर्षे हरत असतानाही गेली. सामन्याच्या शनिवारी आत ८५,००० माणसे बसतात, तेव्हा ओमाहा आणि लिंकनच्या खालोखाल ते स्टेडियम हेच राज्यातले तिसरे मोठे शहर होते. शिवाय शिष्यवृत्ती न मिळताही चाचणी देऊन संघात शिरणाऱ्या गावोगावच्या मुलांची तिथे जुनी परंपरा आहे. त्यामुळे हजार-दीड हजार वस्तीच्या गावातही ‘आमच्या गल्लीतला अमुक खेळला होता’ असे सांगणारे कोणीतरी भेटते, आणि ते सांगताना त्या माणसाचा आवाज बदलतो. ज्यांनी आपापल्या पेठेच्या तालमीचा झेंडा घेऊन फुटबॉलच्या सामन्याला शाहू स्टेडियम गाठले आहे, त्या कोल्हापूरकरांना हा आवाज मी समजावून सांगायला नको.

तरीही हे उत्तर अपुरे आहे, हे मला ठाऊक आहे. ते राज्याविषयी आहे, माझ्याविषयी नाही.

मी २००४ च्या ऑगस्टमध्ये लग्न होऊन लिंकनला आले. त्या हंगामात संघाने पाच सामने जिंकले आणि सहा हरले. १९६१ नंतर प्रथमच विजयांपेक्षा पराभव जास्त झाले होते. बँकेतली बाई, वाचनालयातले गृहस्थ, समोरच्या घरातली आजी, सगळ्यांचे चेहरे सोमवारी उतरलेले असत. मी बाबांना पत्र लिहिले की ही माणसे शेताच्या समुद्रात राहून पार एकसुरी झाली आहेत, कॉलेजच्या पोरांच्या खेळासाठी अख्खे राज्य लाल कपडे घालते, यांना दुसरे आयुष्यच नाही. ते पत्र बाबांनी जपून ठेवले होते आणि आता ते माझ्याकडे आहे. लिहिणाऱ्या त्या चोवीस वर्षांच्या मुलीशी मी आजही मनातल्या मनात भांडते. ती एकटी होती, एवढे मी तिच्या बाजूने म्हणेन. पण आपला एकटेपणा झाकण्यासाठी तिने दुसऱ्यांच्या प्रेमाला वेड ठरवले. बाबांचे उत्तर चारच ओळींचे होते. त्यातली एक अशी: ‘तुझ्या आजोबांनी मॅचसाठी दुकान बंद ठेवलं की तुझी आजी हेच म्हणायची. एकदा जाऊन बघ, मग लिही.’

मी गेले, पण बऱ्याच उशिरा. आधी मला तिथला शरद ऋतू आवडू लागला. आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे पाऊस सरल्यावरची तलखी. तिथे त्याच महिन्यात हवा कोरडी आणि धारदार होते, कॉटनवुडची झाडे महिनाभर पिवळी राहतात, शहर संपले की मक्याची आणि सोयाबीनची काढणी चाललेली दिसते, आणि रात्री उशिरापर्यंत शेतात कापणी यंत्रांचे दिवे फिरत असतात. त्या यंत्रांच्या केबिनमध्ये शनिवारी रेडिओवर सामना लागलेला असतो. राज्याच्या विधान भवनाच्या उंच मनोऱ्यावर पुढारी नाही की सेनापती नाही. बी पेरणारा एक माणूस उभा आहे. उसाच्या मुलखातून आलेल्या मला तो पुतळा पहिल्यांदा पाहिला तेव्हा परका वाटला नाही, इतकेच सांगते.

२००९ पासून स्टेडियमच्या बाकांवर आमच्या दोन जागा आहेत. आमच्या शेजारच्या दोन जागांवर एक म्हातारे जोडपे बसते. दोन तास गाडी चालवून ते येते, आणि त्या जागा त्या गृहस्थांच्या वडिलांनी साठच्या दशकात घेतलेल्या आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला पुढच्या वेळी पार्किंगच्या मैदानात आपल्या गाडीशी यायला सांगितले. तिथे दुमडत्या टेबलावर मोठ्या पातेल्यात घेवड्याच्या दाण्यांची आणि खिम्याची तिखट चिली असते, तिच्याबरोबर दालचिनीचे गोड रोल असतात, आणि कोबी-खिमा भरलेले रुंझा नावाचे पाव असतात. विरुद्ध संघाच्या रंगाचा सदरा घातलेला माणूस जवळून गेला, तर त्याला हाक मारून आधी वाढतात. हा शिष्टाचार मी दरवर्षी पाहते आहे आणि अजून मला त्याची सवय झालेली नाही.

२०११ च्या शरदात बाबा आले. ८ ऑक्टोबरला ओहायो स्टेटशी रात्रीचा सामना होता. बाबांनी कोल्हापूरहून आणलेला कांदा-लसूण मसाला पुडीत बांधून बरोबर घेतला होता, आणि चिली चाखल्यावर त्यांनी तो न विचारता त्या आजोबांच्या वाटीत घातला. आजोबा घामाघूम झाले आणि त्यांनी पुन्हा वाटी पुढे केली. तेव्हापासून दर सप्टेंबरला मी त्यांना एक बरणी देते. स्टेडियमच्या भिंतीवर विद्यापीठातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक हार्टली बर अलेक्झांडर यांनी लिहिलेले वचन कोरलेले आहे. विजयाला नव्हे, कृतीला मोल आहे. गोल महत्त्वाचा नाही, खेळ महत्त्वाचा. आणि गौरव असतो तो कर्मातच, असा त्याचा आशय आहे. मी अर्थ सांगितला तेव्हा बाबांनी त्या दगडाला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला. त्या रात्री संघ २७–६ असा मागे पडला होता, आणि तिथून तो ३४–२७ असा जिंकला. हरलेला पाहुणा संघ मैदान सोडू लागला, तेव्हा आमच्या भोवतीची माणसे उभी राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवू लागली. पेठांच्या सामन्यानंतर समर्थकांची हाणामारी पाहिलेल्या बाबांना हे नवीन होते. तेही उठले. परतताना गाडीत ते म्हणाले, ‘आपण जिंकलो, पण टाळ्या जास्त चांगल्या झाल्या.’

त्यांनी ‘आपण’ म्हटले होते. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे, पण मराठीत निवडावे लागते: ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. बाबा नंतर आठ वर्षे दर आठवड्याला फोनवर ‘आपलं काय झालं?’ असेच विचारत.

आता ज्या दिवसाबद्दल तुम्ही खरे तर विचारता, त्या दिवसाकडे येते.

२६ ऑक्टोबर २०१९, शनिवार. इंडियानाशी सामना होता. यजमान कामासाठी दुसऱ्या राज्यात होते, मुलगी घरी नव्हती, मी एकटीच गेले होते. कोल्हापुरात रविवार उजाडायचा होता आणि त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आले होते. पहिल्या अंघोळीच्या आधी, अंगाला उटणे लावून पाटावर बसण्यापूर्वी, मला फोन करायचा बाबांचा नेम होता. सामना अटीतटीला आला असताना खिशातला फोन थरथरला. पडद्यावर ‘बाबा’ अशी अक्षरे होती. कोल्हापुरात पहाटेचे पावणेचार झाले असतील. मला वाटले, नेहमीचा दिवाळीचा फोन आहे, सामना संपला की निवांत बोलू. मी फोन बंद केला.

हे वाक्य मी आजवर कोणालाच सांगितले नव्हते. घरी सांगितले ते एवढेच, की गर्दीमुळे रेंज नव्हती. तेही खोटे नाही, कारण नंतर भावाने केलेले सात फोन माझ्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. इतके हजार फोन एका जागी असले की असे होते. पण पहिला फोन पोहोचला होता. तो मी पाहिला होता, आणि उचलला नाही.

बाबांनी अंघोळ केली, कारिट फोडले, आणि देवासमोर दिवा लावताना ते कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळे संपले होते. मी फोन उचलला असता तर ते वाचले असते, असे मी म्हणत नाही, आणि डॉक्टरांनीही म्हटले नाही. उचलला असता तर दोन मिनिटे बोलणे झाले असते. ते म्हणाले असते, ‘आपलं काय झालं?’

सामना ३८–३१ असा हरलो. उठून बाहेरच्या मार्गिकेत आले तेव्हा सगळे फोन एकदम दिसले. मी भावाला फोन लावला आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. भोवतीच्या लाल लोंढ्याने मला वाट करून दिली, कोणीतरी मुलांना बाजूला धरले, आणि मागून ते आजोबा-आजी आले. त्यांना मी मराठीतच काहीतरी सांगत होते, असे आजी नंतर म्हणाल्या. आजोबांनी माझ्या हातून किल्ली घेतली आणि माझी गाडी चालवत मला घरी आणले. आजी तासभर विमान कंपनीशी फोनवर बोलल्या. मग त्यांनी माझे कपाट उघडले आणि विचारले, ‘तुमच्याकडे अशा वेळी काय नेसतात?’ मी म्हटले, पांढरे. त्यांनी एकेक साडी बाहेर काढून, दिव्याखाली धरून, काठ पाहून, दोन पांढऱ्या निवडल्या. ती दोघे त्या रात्री लाल कपड्यांतच आमच्या बैठकीच्या खोलीत झोपली, आणि पहाटे आजोबांनी मला ओमाहाच्या विमानतळावर सोडले. वाटेत ते एकदाच बोलले. म्हणाले, ‘त्या मसाल्याने माझी जीभ भाजली होती.’ आणि रडू लागले.

मंगळवारी, भाऊबीजेच्या दिवशी, मी पंचगंगेच्या घाटावर पोहोचले. रक्षाविसर्जन चालू होते. भाऊ माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘मॅच जिंकलात का तुम्ही?’ तो मला ‘ताई, तू’ म्हणतो. मी म्हटले, ‘हरलो.’

आमच्यात आजवर जे काही तुटले आहे, ते त्या एका शब्दात तुटले. मी मनाशी पुष्कळ वाद घातला आहे की मी ‘आम्ही’ म्हटले नव्हते. मराठी क्रियापदात ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन्ही मावतात, ‘हरलो’ हा शब्द बाबा गेले म्हणून आम्हा दोघा भावंडांसाठीही होऊ शकत होता. पण आज खरे लिहायचे ठरवले आहे. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे तो आकडाच होता. दोन दिवसांच्या प्रवासात झोप नसलेल्या माणसाच्या तोंडून जे पहिले आले, ते आले. भावाने ऐकले ते बरोबरच ऐकले.

तुमच्यापैकी काहींचा आक्षेप खेळावरच आहे, आणि त्यातले बरेचसे मला मान्य आहे. डोक्यावर बसणाऱ्या आघातांचे परिणाम आता कोणापासून लपलेले नाहीत. २०२१ पर्यंत त्या मुलांना स्वतःच्या नावावर एक डॉलरही कमावण्याची परवानगी नव्हती, आणि त्याच खेळात २०२२ साली एका प्रशिक्षकाला मुदतीआधी दूर करताना विद्यापीठाने सुमारे दीड कोटी डॉलर देण्याचे पत्करले. मी याचे समर्थन करत नाही. फक्त, माझे ‘आम्ही’ त्या पैशात किंवा त्या पदात कधीच नव्हते. ते त्या बाकावर होते. कपाट उघडून काठ पाहणाऱ्या बाईला मी ‘त्यांच्यातली’ म्हणू शकत नाही. पण हेही खरे, की ती माणसे मला भेटली नसती तर त्या वेळी मी घरीच असते आणि फोन उचलला असता. या दोन्ही गोष्टी मी एकत्र धरून बसले आहे. त्यांचे काय करायचे ते मला कळलेले नाही.

पुढच्या वर्षी बाबांचे वर्षश्राद्ध तिथीने १४ नोव्हेंबर २०२० रोजी आले. तो शनिवार होता, आणि महामारीमुळे लांबलेल्या हंगामातला घरच्या मैदानावरचा पहिला सामना त्याच दिवशी होता, पेन स्टेटशी. प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. मला मायदेशी येता आले नव्हते. भावाने सकाळी श्राद्ध केले, ते मी इकडे रात्र जागून फोनवर पाहिले. आम्ही फारसे बोललो नाही. सकाळी दारात मोटार थांबली. आजोबा-आजी दोन तास गाडी चालवून आली होती. त्यांनी अंगणात अंतर ठेवून चार खुर्च्या मांडल्या आणि रेडिओ लावला. आम्ही तिघेच होतो. चौथी खुर्ची कोणासाठी, हे कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितले नाही. चिलीत आजींनी बरणीतला मसाला आधीच घातला होता.

संघ ३०–२३ असा जिंकला. कोल्हापुरात मध्यरात्र उलटून गेली होती, तरी भावाचा संदेश आला: ‘जिंकलात का?’ मी ‘आम्ही’ असे लिहिले आणि पुसले. मग ‘आपण’ असे लिहिले आणि तेही पुसले. शेवटी फक्त आकडे पाठवले. अजूनही तो विचारतो, दर शनिवारी नाही, पण विचारतो. आणि मी अजूनही त्याला आकडेच पाठवते.