गाठ सुनेची, ऑपरेशन कुणाचं?

सोमवार आमच्या गावच्या बाजाराचा, त्यामुळे ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते. दुपारी एकच्या सुमाराला तिघं आत आली: ३२ वर्षांची सून, तिचा नवरा आणि सोबतीला सासूबाई. नवऱ्याने बसायच्या आधीच फाईल पुढे सरकवली. "मॅडम, गुरुवारी ऑपरेशन ठरलंय. डावी ओव्हरी काढायची म्हणतात. फक्त एकदा तुम्ही बघा."

रिपोर्टमध्ये डाव्या बीजांडकोशात ५८ × ५२ × ४९ मिलिमीटरची 'कॉम्प्लेक्स सिस्ट' होती, म्हणजे आत नुसतं पाणी नसलेली गाठ. रक्तातलं सीए-१२५, म्हणजे ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं प्रथिन, आलं होतं ७८, आणि छापील मर्यादा ३५. त्या आकड्यापुढे लॅबने काढलेल्या लाल गोलाने घरातली झोप उडवली होती.

मी रिपोर्टमध्ये आधी तारखा बघते. सोनोग्राफी पाळीच्या २३व्या दिवशी झालेली, म्हणजे बीज बाहेर पडून गेल्यावर. रक्त घेतलं ते पुढच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी. पाळी चालू असताना सीए-१२५ तसंही वाढतं. एंडोमेट्रिओसिस (गर्भपिशवीच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं), फायब्रॉइड (गर्भपिशवीची साधी गाठ), पोटाचा टीबी यांतही वाढतं. पाळी येणाऱ्या बाईत या एकट्या आकड्यावर कॅन्सरची भीती घालणं मला कधीच पटलेलं नाही.

"दुखलं कधी?"

"पाण्याची कळशी उचलली आणि डावीकडे कळ आली. दोन दिवस राहिली. मग गेली."

लघवी करून यायला सांगितलं आणि खालून सोनोग्राफी केली. पाळीचा सहावा दिवस होता. गाठीत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे, एका कडेला रक्ताची गुठळी. प्रोबने हलकेच ढोसलं की ती गुठळी जेलीसारखी थरथरायची. डॉपलरमध्ये रक्तप्रवाह फक्त गाठीच्या कडेने, आत कुठेच नाही. खरी भरीव गाठ अशी थरथरत नाही आणि तिच्या आत रक्तवाहिन्या दिसतात. ही होती बीज सुटल्यानंतर त्याच जागी रक्त साठून झालेली गाठ. १२ दिवसांत ५८ची ४६ मिलिमीटर झालीसुद्धा होती.

डर्मॉइड, म्हणजे चरबी-केसांची गाठ, असती तर चरबीचा पांढरा भाग आणि मागे सावली दिसली असती. एंडोमेट्रिओसिसची, जुन्या रक्ताची चॉकलेट सिस्ट असती तर आत पिठूळ धुकं. त्या आपोआप जात नाहीत, तिथे बोलणं वेगळं होतं. ही जाते. 'विरघळवायच्या' म्हणून दिलेल्या हार्मोनच्या गोळ्यांनी ती लवकर जात नाही, त्या मी बंद केल्या. ऑपरेशनमध्ये नुसती गाठ काढली, तरी तिची भिंत सोलताना चिकटलेला चांगला भागही निघतो आणि रक्त थांबवायला दिलेल्या शेकाने उरलेली बीजंही जळतात. तिला दुसरं मूल हवं होतं. सगळी ओव्हरीच काढणं तर फारच दूरची गोष्ट.

कागदावर लिहून दिलं: सहा ते आठ आठवड्यांनी, पाळीच्या पाचव्या ते सातव्या दिवसात परत सोनोग्राफी, शक्यतो याच मशीनवर. त्याआधी एका बाजूला अचानक असह्य कळ आणि सोबत उलटी झाली, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी यायचं. दुखण्याची गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नाही. ओव्हरीला पीळ पडला की हातात काही तासच असतात. डॉपलरमध्ये रक्तप्रवाह दिसला म्हणून पीळ नाही, असंही समजायचं नसतं. वेळेत पीळ सोडवला तर काळी-निळी दिसणारी ओव्हरीही बहुतेक वेळा सावरते, ती उगाच काढायची नसते.

सून उठली. सासूबाई पदर सावरत हसल्या. "तिच्यापेक्षा माझंच पोट वाढलंय. गॅस धरतो."

माझी नजर त्यांच्या परकराच्या नाडीवर गेली. जुन्या गाठीच्या चुण्या नाडीवर तशाच होत्या आणि आताची गाठ त्यांच्यापासून चांगली चार बोटं टोकाकडे सरकलेली. वय ६१, पाळी जाऊन १२ वर्षं. तीन महिने अर्ध्या भाकरीतच पोट भरतं, त्यावर ॲसिडिटीच्या गोळ्या चालू.

"काकू, तुम्ही पण झोपा जरा टेबलावर."

पोटावर बोटांनी ठोकलं तर कुशीत बद्द आवाज. कुशीवर वळवल्यावर तो जागा बदलत होता. पाणी. सोनोग्राफीत उजवीकडे ९४ मिलिमीटरची, अनेक कप्प्यांची गाठ. आतल्या भिंतीवर फ्लॉवरच्या तुऱ्यांसारखे भरीव कोंब आणि त्या कोंबांत रक्तप्रवाह.

दुसऱ्या दिवशी सीए-१२५ आलं ४१२. आम्ही जोखमीचा एक साधा गुणाकार करतो: सोनोग्राफीचे गुण, पाळीचे गुण आणि सीए-१२५. सासूबाईंचे कप्पे, भरीव भाग आणि पोटातलं पाणी धरून सोनोग्राफीचे ३, पाळी गेलेली म्हणून ३. ३ × ३ × ४१२ म्हणजे ३७०८. सुनेच्या गुठळीला भरीव भाग समजून एक गुण दिला आणि पाळी चालू म्हणून एक, तरी १ × १ × ७८ म्हणजे ७८च. दोनशेच्या वर गेलं की कॅन्सरच्या सर्जनकडे पाठवायचं.

मुलगा सुन्न झाला होता. "म्हणजे ऑपरेशन आईचं?" आणि मग, "इथेच दुर्बिणीतून होईल ना? नाहीतर सुई घालून गाठीतलं पाणी काढता येईल?"

दोन्हीला नाही म्हटलं. अशी गाठ टोचली किंवा आत फुटली तर पेशी पोटात सांडतात. शिवाय पहिल्याच ऑपरेशनमध्ये गर्भपिशवी, दोन्ही ओव्हऱ्या, पोटातला चरबीचा पडदा आणि जिथे जिथे आजार दिसेल ते सगळं काढावं लागतं. ते काम आमच्या थिएटरचं नाही. सीटी स्कॅन लिहून दिला आणि मुंबईला टाटाला जायची चिठ्ठी दिली. गुरुवारचं ऑपरेशन त्याने माझ्यासमोरच फोन करून रद्द केलं.

सून ठरल्या वेळी आली नाही. दहाव्या आठवड्यात आली, पाळीच्या सहाव्या दिवशीच. डाव्या ओव्हरीत गाठीचा मागमूस नव्हता, नेहमीची छोटी बीजं तेवढी दिसत होती. उशीर का झाला विचारलं, तर म्हणाली, "तेव्हा आईंच्या केमोची तारीख होती. त्यांना एकटं कसं पाठवणार?"