वहिनीचे रिपोर्ट आणि हिंगाची डबी

आज वहिनीसोबत म्हापशाला डॉक्टरकडे गेलेले, हाशिमोटो या थायरॉइडच्या आजारामुळे गोळी ती घेतेच, आता टीटीजी ही रक्ततपासणी पण पॉझिटिव्ह आली म्हणजे सिलिॲकचा संशय (गहू खाल्ला की आतड्याला इजा होते तो आजार), पुढे एंडोस्कोपी. तोवर गहू अजिबात सोडायचा नाही हं, नाहीतर तपासणीत नीट कळणारच नाही, आणि घरी सगळे आत्ताच पाव बंद कर म्हणून तिच्या मागे लागलेत! ही ॲलर्जी नव्हे, शरीर आपल्याच आतड्यावर उठतं, हाशिमोटोत थायरॉइडवर, म्हणून एक असलं की दुसऱ्याची शक्यता वाढते.

आई म्हणे, आपण शीतकडी, म्हणजे भात-कालवण खाणारे, आपल्याला कसलं टेन्शन. अगो, पण बांगडा घोळवतो तो रवा गव्हाचाच ना! आणि हिंगाची डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचली तर तिथंही गव्हाचं पीठ. निदान पक्कं झालं तर बांगडा तांदळाच्या पिठात, तांदळाची वाफवलेली सान्नां आहेतच, पण पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, नको कोण सांगणार, वहिनी तर नाहीच 😄